पांढऱ्या गाडीचा विमा

आडवं पडून जग कसं दिसतं ते मला विचारा. पंखा दिसतो, पात्यांवरची धूळ दिसते, आणि खिडकीतून समोरच्या गोडाऊनचा निळा पत्रा. काल्हेरला आमच्या घरासमोर पूर्वी भाताचं शेत होतं. आता दिवसभर मागे-मागे येणाऱ्या ट्रकांची टूं-टूं ऐकायची. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि माझं बसणं संपलं. चार घास खाण्यापुरती उठून बसते, त्यापुढे कमरेतून जी कळ येते ती वैऱ्याच्याही वाट्याला नको. बाकी मग झोपून भाजी निवडायची, झोपून फोन करायचे, झोपून भांडायचं. भांडणात मात्र मी तसूभर कमी पडत नाही, विचारा आमच्या ह्यांना.

हे आयुष्यभर ॲम्ब्युलन्स चालवत होते. भिवंडीतल्या एका धर्मादाय दवाखान्याची गाडी. हे रिटायर झाले आणि त्याच सुमारास गाडीही रिटायर झाली. दवाखान्याने नवी घेतली, जुनी विकायला काढली, आणि ह्यांनी मला एका शब्दाने न विचारता ती घेऊन दारात उभी केली. मी म्हटलं, "अहो, लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात. तुम्ही हे धूड घेऊन आलात?" तर म्हणतात कसे, "तुला आईकडे न्यायला आणलीय."

माझं माहेर मुरबाडच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं, एवढंच लांब. पण बसून जायचं म्हटलं तर मला ते परदेशापेक्षा दूर. आईचे गुडघे गेलेले, शिवाय तिला गाडी इतकी लागायची की उभ्या जन्मात ती कल्याणच्या अलीकडे आली नाही. भाऊ व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. पण आईच्या लेखी फोन म्हणजे फोन, ती तो कानालाच लावायची. मला दिसायचा तिचा कान. सुरकुतलेला, लांबलेल्या पाळीत सोन्याचं फूल, वर दोन-चार पांढऱ्या बटा. मी ओरडायची, "आई, फोन तोंडासमोर धर गं!" ती म्हणायची, "आयकाय येतंय मला, वरडू नको." मणका गेल्यापासून मी आईच्या कानाशीच बोलत होते.

मग भाड्याची ॲम्ब्युलन्स करून का नाही गेलीस, असं जो तो विचारतो. अहो, माझे वडील तशाच गाडीतून घरी आले होते. कल्याणच्या हॉस्पिटलात वारले आणि आईला आधी सांगायचा धीर कोणाला झाला नाही. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. पांढरी गाडी अंगणात वळली तेव्हाच तिला कळलं. त्यानंतर रस्त्यावरून तशी गाडी नुसती गेली तरी ती आत जाऊन बसायची, कितीतरी वेळ पाण्याला शिवायची नाही. मला म्हणाली होती, "ये गो बाय, पन त्या गाडीतना नको येव. माझ्या छातीचं काय खरं न्हाय."

म्हणून हा सगळा खटाटोप. गाडी झोपून जाण्याची हवी, पण ॲम्ब्युलन्स दिसायला नको. ह्यांनी जीव ओतला हो त्या गाडीत. स्ट्रेचर काढून माळ्यावर टाकलं. सुताराकडून फळ्यांचा पलंग करून घेतला, त्याखाली खण, कोपऱ्यात छोटी शेगडी, पाण्याची टाकी. पडद्यांच्या कडा मी पडल्यापडल्या हाताने शिवल्या. टपावरचा दिवा उतरवला, लाल अक्षरं खरवडून काढली. खिडकीची दुधी काच काढून पलंगाच्या उंचीला साधी काच बसवली. म्हणाले, "पडल्यापडल्या तुला झाडं दिसतील." रंगसुद्धा ठरला होता, पोपटी, कागद झाले की मारायचा. मी आईला सांगून टाकलं, पोपटी गाडी आली की समज मी आले.

राहिला विमा. गाडी आता आमच्या नावावर होती, पण कागदावर अजून ॲम्ब्युलन्सच होती. विमा कंपनी म्हणे, आधी आरटीओकडून आरसी बुकावर बदल करून आणा, राहण्याच्या गाडीचा विमा मग बघू. आरटीओ म्हणे, आधी चालू विमा दाखवा, मग बदलाचं बघू. बरं, ॲम्ब्युलन्स म्हणूनच द्या बाबा विमा, म्हटलं तर दवाखान्याचं पत्र हवं. दवाखाना म्हणतो, गाडी विकली, आमचा संबंध संपला. मी एजंटला फोनवर विचारलं, "मग आम्ही आणायचं तरी काय, बँडबाजा?" अंजूरफाट्याचा हा एजंट ह्यांच्या जुन्या ओळखीचा, माणूस वाईट नव्हता. "काकी, टेन्शन नका घेऊ, हो जाएगा," एवढंच त्याचं उत्तर. ते "हो जाएगा" ऐकून माझे कान किटले.

मी ह्यांना म्हणायची, जळो तो विमा, चला असेच. पण हे म्हणजे नियमाचे पक्के. नोकरीत एकदाही दंड भरला नाही. शिवाय हायवेवरून माणसं उचलून आणण्यात जन्म गेलेला, कुणाच्या गाडीला विमा नव्हता म्हणून मागे घरच्यांचं काय झालं ते डोळ्यांनी पाहिलेलं. "मानकोली नाक्यावर कंटेनर कसे वळतात माहितेय तुला? मागे तू झोपलेली असणार. विम्याशिवाय चाक हलायचं नाही." झालं. भिंतीशी बोलणं आणि ह्यांच्याशी बोलणं सारखंच.

आईचा फोन यायचा. "कवा येतंस?"

"विमा झाला की येते."

"त्यो कशाला लागतो?"

"गाडीला काही झालं तर, आई."

"गाडीला काय व्हतंय? माझं बघ की."

शेवटी एजंटने खटपट करून कंपनीतला एक साहेब राजी केला. कंपनीचा माणूस घरी येईल, आतला पलंग, शेगडी, सगळ्याचे फोटो काढेल आणि त्या फोटोंवर विमा मिळेल. मला हे त्याने फोनवर सांगितलं, वाटलं ह्यांनाही सांगितलंच असेल. पण एजंटचंही आमच्यासारखंच, घाईत अर्धं बोलायचं आणि अर्धं पोटात ठेवायचं. ह्यांना फोनवर त्याने एवढंच सांगितलं, "उद्या इन्स्पेक्शन आहे. गाडी एकदम रेडी ठेवा."

इन्स्पेक्शन! ह्यांच्या कानाला तो शब्द नोकरीचा. वरून साहेब यायचा, कागदावर आहे ते गाडीत आहे का बघायचा, आणि एक पट्टी जरी कमी निघाली तरी मेमो. दिवसभर बाहेर ठोकाठोक चालली होती. मला वाटलं, पलंग पक्का करतायत. मला कुठे अंगण दिसत होतं? आणि ह्यांनी काय करावं? अख्खा पलंग उपसून काढला. माळ्यावरचं स्ट्रेचर घासूनपुसून जागेवर लावलं. दवाखान्यातल्या जुन्या सोबत्याकडून ऑक्सिजनचा सिलिंडर मागून आणला, पट्ट्यांची पेटी भरली, टपावर दिवा चढवला. रेडियमवाल्याला बोलावून लाल अक्षरं पुन्हा चिकटवून घेतली, पुढची उलटी अक्षरंसुद्धा. का, तर आरसी बुकावर ॲम्ब्युलन्स लिहिलंय, मग गाडीत ॲम्ब्युलन्सच दिसली पाहिजे. पलंग-शेगडी दिसली तर साहेब म्हणेल, परवानगीशिवाय गाडी बदलली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. खिडकीतून मला आवाज येत होते. तो म्हणाला, "काका, ही तर चालू ॲम्ब्युलन्स आहे." हे म्हणाले, "हो साहेब, सगळं चालू आहे. एक वस्तू कमी निघायची नाही." आणि भोंगा वाजवून दाखवला. माझ्या दारात तो भोंगा वाजला आणि मला सगळं समजलं. "अहो, थांबा!" म्हणून मी ओरडले, पण त्या आवाजात माझं कोण ऐकतो.

अर्ज राहण्याच्या गाडीचा आणि दारात धंद्यावरची ॲम्ब्युलन्स, म्हणजे माहिती खोटी. अर्ज फेटाळला. दुसऱ्या कंपन्यांकडे गेलो तर त्यांचा पहिला प्रश्न, याआधी कुणी नाकारलंय का? आणि खरं सांगितलं की तिथेही दार बंद. एजंटने कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून तो "हो जाएगा" म्हणायचाही थांबला.

हे आत येऊन माझ्या पायाशी बसले. "मला वाटलं, तयार म्हणजे तयार," एवढंच म्हणाले. मी भांडले नाही. शब्द होते, ढीगभर होते, पण समोर जो बसला होता त्याच्यात ऐकून घेण्याइतका जीवच नव्हता. पलंगाच्या फळ्या भिंतीला टेकून राहिल्या. पुन्हा बसवू, असं ना ते म्हणाले ना मी. बसवून जायचं कुठे होतं? मी दिवसदिवस पत्र्याकडे बघत पडायची. वाटायचं, आपण या खोलीतून सरळ वरच जाणार. आईचं बोलणंही कमी झालं. फोन कानाला लावून ती नुसती हुंकार द्यायची, आणि कवा येतंस हे विचारायचं तिने सोडून दिलं. त्याचंच मला जास्त लागलं.

मग एका सकाळी चहाच्या वेळी भावाचा फोन आला. व्हिडिओ नव्हता, साधा होता. तो काही बोलायच्या आत मला कळलं.

ह्यांनी चावी घेतली. शेजाऱ्यांना हाक मारली, मला स्ट्रेचरवर घेतलं, पट्टे लावले, एकदा ओढून पाहिले. विम्याचं नाव त्यांनीही काढलं नाही आणि मीही नाही. मानकोलीला नेहमीसारखा सगळा रस्ता तुंबला होता. भोंगा लावला नव्हता, तरी हवालदाराने लाल अक्षरं बघितली, शिट्टी मारली आणि कंटेनर मागे घ्यायला लावले. रिक्षावाले आपण होऊन बाजूला झाले. कोणी कागद मागितले नाहीत. इतके महिने अडवून धरलेला तो रस्ता, अख्खा मोकळा करून दिला हो आम्हाला. मुरबाडच्या पुढे साध्या काचेतून झाडं दिसायला लागली. पडल्यापडल्या दिसत होती. मी डोळे मिटून घेतले.

अंगणात माणसं जमली होती. पांढरी गाडी वळली तशी ती बाजूला झाली. कोणी दचकलं नाही. भावाने आणि ह्यांनी स्ट्रेचर उतरवून ओट्यावर आईशेजारी ठेवलं. तिची मान थोडी पलीकडे वळलेली होती, म्हणून माझ्याकडे तिचा कानच आला. फूल काढून घेतलेलं, पाळीला नुसतं भोक.

मी सरकून तोंड त्या कानाजवळ नेलं. म्हटलं, "आई, त्याच गाडीतनं आले गं. रागावू नकोस."