अर्धे ठिपके

माणसाच्या डोक्यावरचा एकेक केस माझ्या आतेबहिणीच्या यजमानांइतक्या आदराने वागवणारा माणूस मुरबाड तालुक्यात दुसरा झाला नाही, न्हावी धरूनही. दोन हजार सालानंतर भावोजींनी आपल्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर घेतला आणि फोटोतल्या माणसाला मागच्या भिंतीपासून सोडवून निळ्या पडद्यावर बसवायची विद्या आत्मसात केली. तेव्हापासून ते कुणाच्या डोळ्यांत बघून बोलेनासे झाले. बघायचे ते कानाच्या कडेला. धसईच्या एका लग्नात नवरदेवाच्या केसांत मागून ऊन शिरलेलं पाहून ते त्याच्याभोवती असे फिरू लागले की करवलीने त्यांना दृष्ट काढणारे समजून हातात मीठमोहऱ्या दिल्या. लाइट गेली आणि अर्ध्या दिवसाचं काम पुसलं गेलं, तरी ते माउसवरचा हात न काढता बसून राहत आणि लाइट आली की पहिल्या केसापासून सुरुवात करत.

मी कल्याणला कोर्स करून त्यांच्या हाताखाली लागलो होतो. फोटोतला निवडलेला भाग दाखवणारी तुटक रेघ पडद्यावर पळत असते, तिला आम्ही मुंग्या म्हणायचो. केसांच्या टोकाचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, अर्धे केसाचे, अर्धे भिंतीचे. त्यातले फार पुसट असतात ते निवडले गेले तरी मुंग्यांच्या बाहेरच दिसतात. "मुंग्या तिथं जात नाय म्हणून तिथं कोण नाय, असं समजू नको," भावोजी सांगायचे. मी मान डोलवायचो आणि मनात हसायचो.

टोकावड्याच्या एका बाईंनी वारलेल्या नवऱ्याचा एकुलता एक फोटो आणला. पांढरे केस, मागे चुन्याची भिंत. भावोजी दोन दिवस त्याच्यावर बसले होते. तिसऱ्या दिवशी ते शूटिंगला गेले, आणि आपला वेग दाखवायची मला हुक्की आली. मी सगळं नव्याने, एका क्लिकमध्ये निवडलं आणि भिंत उडवली. तिच्याबरोबर कानशिलावरचे केस आणि उन्हातली कानाची पाळीही गेली. मला ते दिसलं. तरी मी प्रिंट काढली.

बाईंनी प्रिंट दाराच्या उजेडात धरली. "ह्यांचा कान असा नव्हता, दादा."

"भावोजींनीच केलंय," मी म्हणालो. "फोटोच जुना आहे."

एस.टी. सुटायची होती. प्रिंट पिशवीत घालून त्या गेल्या.

आठवड्याने त्या जुना फोटो आणि माझी प्रिंट घेऊन आल्या, तेव्हा भावोजी समोरच होते. त्यांनी प्रिंट पाहिली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्याच हातनं झालं, वयनी. नजर कमी झालीय." पुन्हा दोन दिवस बसून त्यांनी काम केलं आणि स्वतः एस.टी.ने टोकावड्याला पोचवलं. मला एका शब्दाने विचारलं नाही. पण दुकानात चार माणसं बसली होती. भावोजींना दिसत नाही, ही बातमी बाजारभर झाली आणि लग्नाची कामं हळूहळू दुसरीकडे वळली. मी ते बघत होतो. एका वाक्याचं काम होतं, ते माझ्याने झालं नाही.

भावोजी आता शहापूरला मुलीकडे असतात. इतक्या वर्षांनी, परवा, ते एक वाक्य सांगायलाच तिथे गेलो. आता त्यांना खरंच कमी दिसतं. चहा झाला, आणि मी तोंड उघडणार तोच त्यांनी विचारलं, "त्या टोकावड्याच्या वयनींच्या घरी गेलतास का रे कधी? फोटो हाय ना भिंतीवर?"

मी त्या घराकडे कधी फिरकलोही नव्हतो.

"आहे," मी म्हणालो. "छान दिसतो."

"कान?"

"कानही."

ते समाधानाने खुर्चीत मागे टेकले आणि मुलीला म्हणाले, याला जेवल्याशिवाय सोडू नको.