डोक्याला रजा नाही

"डोक्याला रजा नाही," असं म्हणत काका पेन्सिलीनं कपाळावर टकटक करायचे. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते टूलरूमच्या खिडकीत बसत. कामगारानं आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि हत्यार न्यायचं. कुणाचा बिल्ला कुठल्या खुंटीवर आहे, हे काका मागे न बघता सांगत. मी आठ वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. त्यांना फसवायचे प्रयत्न भरपूर केले, पण डाळ शिजली नाही.

निवृत्तीनंतर ते मोरिवलीत आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आले. रोज शब्दकोडं सोडवायचं, डाव्या हातानं लिहायचं, आणि बहात्तराव्या वर्षी तर उल्हासनगरच्या एका पापडवाल्याकडे सिंधी शिकायला जाऊ लागले. तो वैतागायचा, "काका, धंदा करने दो!" काका म्हणत, "जुनं काम हात करतात. डोक्याला नवं काम पाहिजे."

तुम्ही म्हणाल, हौशी म्हातारा! मीही चारचौघांत तसंच म्हणायचो. पण बदलापूरला त्यांच्या थोरल्या बहिणीनं पोटची मुलं ओळखणं सोडलं होतं, आणि काकांनी त्याची धास्ती घेतली होती. वर्षभर ते तिच्याकडे फिरकलेही नव्हते.

एके दिवशी त्यांनी मला घरात बोलावून दार लावलं.

"माझं पण सुरू झालं रे, ताईसारखं. सून म्हणते, सकाळीच सांगितलं होतं. मला एक शब्द आठवत नाही. चार महिने झाले." काका रडत होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना अक्षरशः ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी समोर बसून प्रश्न विचारले. काकांनी फटाफट उत्तरं दिली. मग बाई कपाटातलं काहीतरी शोधायला वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "काका, जेवलात का?" काका गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प.

मला एकदम उलगडा झाला. मशीनच्या खडखडाटात जन्म काढलेली आम्ही माणसं, समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेणारी. कान गेले तरी काकांना पत्ता नव्हता! सून बोलायची स्वयंपाकघरातून. जे ऐकलंच नाही, ते विसरलो म्हणून हा माणूस झुरत बसला होता.

कानाला यंत्र लागलं आणि पहिल्याच रविवारी काका मला घेऊन बहिणीकडे निघाले.

"तुम्ही कोण?" ताईंनी विचारलं.

"शेजारचा," म्हणत काका त्यांच्याजवळ बसले आणि त्यांच्याच लहानपणीच्या गमती सांगू लागले. ताई खुदखुदत होत्या. परतताना काका म्हणाले, "तिचं सगळं आता माझ्याकडे आहे. जपायला पाहिजे." मग एकही रविवार त्यांनी चुकवला नाही.

गेल्या वर्षी काका गेले. शेवटपर्यंत डोकं लख्ख होतं. आता रविवारी मी जातो आणि त्यांच्याकडून ऐकलेल्या गमती ताईंना सांगतो. परवा मध्येच अडखळलो. ताई दाराकडे बघून म्हणाल्या, "तो शेजारचा छान सांगायचा. कुठाय तो?"