मेल्विनच्या खोलीतला जी कॉर्ड

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जातो. इंजिनिअर माणूस, त्यातून पुण्याचा… कुणी काही सांगितलं की आधी शंका काढणार. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण मेलबर्नजवळच्या वेरिबीतली ती दुपार डोक्यातून जात नाही, काय करू?

मेलबर्नला तेव्हा आपल्याकडच्या स्टुडंट्सची नुसती रीघ लागली होती. भाड्याच्या एका घरात आम्ही चौघं. त्यातला मेल्विन वसईचा, चर्चमध्ये गिटार वाजवत मोठा झालेला. डायबेटिस, रोज इन्सुलिन, आणि खाण्याच्या बाबतीत महाबेफिकीर! मला गिटार त्यानेच शिकवायला घेतली. जी, ई मायनर, सी, डी — चारच कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे जुडगे. "आता सीच्या जागी ए मायनर टाक. बघ, मूडच बदलतो की नाही?" खरंच बदलायचा. मला वेडच लागलं.

त्याची एक खोड मात्र डोक्यात जायची. वाजवता वाजवता डीवर थांबायचा आणि गिटार खाली ठेवायचा. डीनंतर कान जीची वाट बघतात — शिंक येता येता अडकावी तसं होतं. मी ओरडायचो, "अरे, जी वाजव ना! डोकं फिरतं माझं!" तो हसून ऑस्ट्रेलियन थाटात म्हणायचा, "राहू दे की लटकलेलं, मेट."

त्या दिवशी उत्तरेकडच्या वाळवंटातून गरम वारा सुटला होता. बाकीचे दोघं युनीला, मेल्विन सकाळपासून पेट्रोल पंपावर शिफ्टला… म्हणजे अशी माझी समजूत. मी लाउंजमध्ये त्याची गिटार घेऊन बसलो होतो. घरातली एकमेव गिटार. असाइनमेंट तशीच पडली होती, पण मन कशातच लागेना. हा कॉर्ड काढ, तो टाक, क्रम उलटा कर… शेवटी जी, ई मायनर, ए मायनर, डी असं जमलं आणि घाम पुसायला मी डीवरच थांबलो.

आणि जी वाजला.

मेल्विनच्या बंद खोलीतून. सहाही तारा, सावकाश, स्वच्छ. गिटार तर माझ्या मांडीवर होती!

मला भीती नाही, राग आला. वाटलं, हा गुपचूप घरी येऊन माझी फिरकी घेतोय. "मेल्विन, नाटकं पुरे!" म्हणत दार ढकललं… तर तो पलंगापलीकडे जमिनीवर. घामाने थबथबलेला, हाका मारल्या तरी हूं नाही की चूं नाही. ट्रिपल झिरोला, म्हणजे तिथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन लावला तेव्हा मी आधी मराठीतच बोलायला लागलो.

शुगर फार खाली गेली होती. शिफ्ट कॅन्सल झाली म्हणून इन्सुलिन घेऊन, काही न खाताच तो पुन्हा झोपला होता. अजून उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं पॅरामेडिक बाई म्हणाली.

मेल्विन वाचला. मी पहिलं हेच विचारलं, "तू काही वाजवलंस?"

"वेडा आहेस का? मला उठताही येत नव्हतं."

त्याचा मोबाइल बंद, लॅपटॉप बंद. तारांचं गुंजन म्हणावं, तर ते माझ्या मांडीवरून यायला हवं. सगळं तपासून झालं — उत्तर नाही.

वसईहून त्याच्या मम्मीचा फोन आला. रडत होती. "बाळा, तुला कळलं कसं रे?"

"पडल्याचा आवाज आला, आंटी." दुसरं काय सांगणार?

पण मला आजही छळतं ते वेगळंच. डीनंतरचा जी मी कधीच सोडत नाही. त्या दुपारी घाम पुसायला थांबलो नसतो, तर तो मीच वाजवला असता… आणि पलीकडचा मला ऐकूच आला नसता.