घरमालकिणीच्या बाजूचा वाचक

विट्याच्या हंबीररावांची उभी जवानी त्रिशूरच्या गलाईच्या दुकानात गेली. सोनं गाळून शुद्ध करायचं, आम्लाचा धूर खायचा आणि भट्टी निवली की वाचत बसायचं. तिथल्या एका वाचनालयानं इंग्रजी पुस्तकं रद्दीत काढली, ती यांनी उचलली. त्यात बऱ्याचशा निघाल्या महायुद्धानंतरच्या लंडनवरच्या कादंबऱ्या. जमैकाहून बोटीनं आलेली काळी माणसं, त्यांना दारातूनच परतवणाऱ्या गोऱ्या घरमालकिणी, मग मिळेल त्या एकेका खोलीत पाच-सहाजण. आणि घट्ट विजारी घालून, केसांचे कोंबडे काढून त्यांना गल्लीत गाठणारी गोरी पोरं.

हंबीररावांनी त्या सगळ्या वाचल्या, काही दोनदा, आणि घरमालकिणींची बाजू घेतली. "खोली तिची. कुनाला द्याची ते तिनंच ठरवाचं न्हवं?" त्रिशूरात आपल्याला कुणी खोली देईना, म्हणून आपण दुकानाच्या फळीवर झोपत होतो, याचा या मताशी काही संबंध त्यांना कधी दिसला नाही.

गावी परतून त्यांनी घर बांधलं, वर भाड्यासाठी एक खोली काढली. गेल्या जूनमध्ये ती बघायला कॉलेजातल्या इंग्रजीच्या नव्या बाई आल्या. मिरजेहून रोज एसटीनं येऊन त्यांची कंबर धरली होती. इथं जागा मिळाली नाही तर नोकरी सोडावी लागणार होती. बोलता बोलता कळलं, त्या याच कादंबऱ्या शिकवतात. हंबीरराव हरखले. विट्यात या पुस्तकांवर बोलायला त्यांना आजवर कुत्रं मिळालं नव्हतं. बोटीपासून मारामाऱ्यांपर्यंत सगळं झालं. चहा झाला. मग त्यांनी नाव विचारलं.

"महेजबीन मुल्ला."

हंबीररावांनी कप खाली ठेवला. "आमा गलाईवाल्यांत एक रीत हाय, बाई. नव्या मानसासाठी वळखीच्यानं शब्द टाकाय लागतो. तुमच्यासाठी हितं कोन टाकनार?"

कुणी निघणार नाही, हा अंदाज. तिनं तिथंच मामाला फोन लावला. मामा म्हणजे मोहिद्दीन. त्रिशूरात त्याचं दुकान यांच्या दुकानाला लागून होतं.

"हंबीर, आरं भाची हाय माजी!" फोन जिन्यात घुमला. "दे की रं खोली. तुला फळीवरनं उठवून खोली मिळवून द्याय शब्द कुनी टाकलावता, इसरलास व्हय गड्या?"

"शब्द चांगला हाय," हंबीरराव म्हणाले. "पर आमच्या मंडळींना चालायचं न्हाई."

आतून लीलाबाई कडाडल्या, "आवं, मला कवा ईचारलंसा? मला लय चालतंय. तुमची घान माज्या नावावर खपवू नगासा!"

"तू गप."

महेजबीन उठली. "काका, तुमच्या त्या लंडनच्या घरमालकिणी बऱ्या. 'काळ्यांनी विचारू नये' अशी पाटी तरी दारावर लावायच्या. आधी चहा पाजत नव्हत्या."

दिवाळीआधी तिनं नोकरी सोडली. लीलाबाई ताट वाढतात, बोलत नाहीत. हंबीररावांच्या मते मुल्लाबाई तापट, पण पाटीचा मुद्दा बिनतोड. त्यांनी पेंटर बोलावून पाटी करायला घेतली. इंग्रजी मजकूर त्यांना पाठ होता, पण इंग्रजी वाचणारी गेली होती. मराठीत लिहिलं तर गाव वाचणार. पेंटर मजकुराची वाट बघत ब्रश धरून बसला, मग कोरी पाटी ठेवून गेला.