दिवस मावळायच्या आत

सुमनकाकी जामाशी बोलत. काळ्या द्राक्षांचा हंगाम संपत आला की घडातून गळालेले मणी घमेलंभर गोळा करत, साखरेबरोबर पातेल्यात चढवत आणि पळी फिरवत त्याला दटावत, "आवर की रं गड्या, दिवस चाललाय."

काकी जैन. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही घ्यायच्या नाहीत, आणि स्वतः चाखल्याशिवाय जाम बाटलीत भरायच्या नाहीत. या दोन नियमांच्या कात्रीत जाम बिचारा जीव मुठीत धरून शिजायचा. सूर्यसुद्धा त्यांच्या परसावर आला की जरा रेंगाळायचा, हे मी शपथेवर सांगतो. वासाचं तर विचारूच नका. मिरजेकडे निघालेली एसटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आपोआप बंद पडे आणि शेजारच्या तालुक्यातल्या मुंग्या आठवडाभर आधी मुक्कामाला येत.

या जामावर साऱ्या गावाने मान डोलावली, एक मान सोडून. ती पलीकडच्या घरातल्या सुभेदारांची. सैन्यातून निवृत्त होऊन ऊस लावणारा हा माणूस बाटली चाटूनपुसून संपवी, धुई, रिकामी देऊ नये म्हणून तीत गुळाचा खडा टाकी आणि परत करताना दारातच सांगे, "बरा हाय वहिनी. पर लडाखला आमाला डब्यातला जाम मिळायचा, त्याची सर न्हाई."

काकी हसून गूळ काढून घेत. सुभेदार वळले की मला म्हणत, "मरायच्या आधी ह्या माणसाच्या तोंडनं एकदा चांगला म्हणून घेणार हाय मी."

एका वर्षी द्राक्षंच उशिरा आली. पातेलं उतरेपर्यंत दिवे लागले, काकींना चाखता येईना. नाइलाजाने सुभेदारांना बोलावलं. त्यांनी एक पळी खाल्ली. अंदाज येईना म्हणून दुसरी, खात्रीसाठी तिसरी. पातेल्याचा तळ दिसला तेव्हा निकाल लागला, लडाखची सर नाही. काकी शांतपणे म्हणाल्या, "तळ तेवढा ऱ्हाऊ द्या, लडाखला पाठवायचाय."

मग एका हंगामात काकींनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. परसातली चूल थंड पडली, एसटी बिनबोभाट धावू लागली, मुंग्या आल्या पावली परत गेल्या. आणि एका संध्याकाळी सुभेदार दारात उभे. मिशीला साखर, सदऱ्यावर जांभळे डाग, हातात बाटली. जन्मात कधी चहा न केलेल्या माणसाने जाम केला होता.

काकींनी झाकण उघडून नुसता वास घेतला. "तळाला लागलाय, सुभेदार."

"व्हय."

"लडाखसारखा तरी झालाय का?"

सुभेदारांनी टोपी काढून हातात घेतली. "लडाखचं सोडा, वहिनी. तुमच्या जामाची सर न्हाई."

काकींनी खिडकीकडे पाहिलं. दिवस मावळला होता. बाटली उशाशी ठेवत म्हणाल्या, "सकाळी चाखते."

आणि मान हलवणारे डॉक्टर बघतच राहिले, कारण सकाळी चाखायला काकी खरोखरच उठून बसल्या. "साखर लय झाली, लिंबू इसरलं," असा निकाल देऊन पुढचे काही हंगाम त्या आपल्या परसात खुर्ची टाकून सुभेदारांना ढवळायला शिकवत राहिल्या. यम मधे एकदोनदा डोकावून गेला असणार. जाम उतरेस्तोवर थांब, म्हणून त्याला बाहेर बसवलं असेल.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. भर दुपारी, दिवस असतानाच.

यंदा सुभेदारांच्या परसात पातेलं चढलं. मी गेलो तर म्हातारा घामाघूम, पळी गरागरा फिरतेय, डोळे मावळतीकडे. मी म्हटलं, सावकाश होऊ दे की, तुम्हाला कुठला नियम, तुम्ही मध्यरात्रीही खाल.

त्यांनी पातेलं उतरवलं, बशीत चमचाभर जाम काढला आणि उन्हाची शेवटची तिरीप होती तेवढ्यात पलीकडे जाऊन ती बशी काकींच्या परसातल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

"अंधार पडल्यावर वहिनी चव कशी बघतील?"