कोणाचाही हक्क असल्यास

माझे वडील, आत्माराम लेले, कोणावरही विश्वास ठेवत नाहीत. दूधवाल्यावर नाही, डॉक्टरवर नाही, हवामान खात्यावर तर नाहीच. सांगलीत एका वकिलांकडे त्यांनी तेहतीस वर्षं सर्च घ्यायचं काम केलं. कोणी घर घ्यायला निघालं की बाबा रजिस्ट्रार कचेरीत जाऊन तीस-तीस वर्षांच्या नोंदी चाळायचे आणि मिळकत खरोखर विकणाऱ्याची आहे का, ते शोधायचे. आम्ही घरातले म्हणायचो, कधीतरी यांचं दुधाने तोंड पोळलेलं असणार, म्हणून हे ताकही फुंकून पितात. कधी आणि कुठे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये ते आमच्याकडे जर्मनीत र्युसेल्सहाइमला आले, ते हातातल्या पिशवीत एक तपकिरी फाइल घेऊनच. त्यात सांगलीच्या घराचे सगळे कागद होते.

"अहो बाबा, कागद इथे कशाला आणलेत?" मी विचारलं.

"घर बंद करून आलोय. कागद बंद घरात ठेवून येतं का कोणी?"

त्याच दिवसांत आम्ही घर घेत होतो. माझा नवरा उत्कर्ष इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे, मी फ्रँकफर्टला सॉफ्टवेअरमध्ये. तीन वर्षं आम्ही घरं बघत होतो. दर घरामागे चाळीस जोडपी रांगेत, आणि मालकाला बहुधा दुसरंच कोणीतरी आवडायचं. शेवटी हेर ब्रेम नावाच्या एका गृहस्थांनी आम्हाला होकार दिला. ओळीतलं मधलं घर, मागे हातभर बाग, बागेत आलुबुखारचं झाड. एकवीस सप्टेंबरला नोटारकडे, म्हणजे खरेदीखतं करणाऱ्या सरकारमान्य वकिलाकडे, सह्या व्हायच्या होत्या. पडद्यांचा रंगसुद्धा मी ठरवला होता. ते घर मला हवंच होतं, अगदी लहान मुलासारखं हवं होतं.

बाबांची उलटतपासणी पहिल्याच संध्याकाळी सुरू झाली.

"विकणाऱ्याचा वकील कोण? आणि आपला कोण?"

"दोघांचा एकच नोटार असतो, बाबा. तो कोणाच्याच बाजूचा नसतो."

"कोणाच्याच बाजूचा नसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही."

मग मी त्यांना ग्रुंडबुख समजावून सांगितलं. जमिनीची सरकारी वही. त्यात ज्याचं नाव तो मालक, आणि त्या नावावर विसंबून घर घेतलं तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. त्यावर त्यांनी ती वही बघायला मागितली. कोणालाही बघता येत नाही, सबळ कारण लागतं, म्हटल्यावर त्यांचे डोळे बारीक झाले.

"बघू देत नाहीत? म्हणजे काहीतरी आहे."

"बाबा, गेनाऊ, अगदी असंच असतं इथे," उत्कर्ष म्हणाला. "वहीत आहे ते खरं."

"उत्कर्षराव, मी तेहतीस वर्षं वह्या पाहिल्यात. वहीत खरं-खोटं नसतं. वहीत फक्त सह्या असतात."

"आणि इथे सही उगाच घेत नाहीत," मी जरा चिडूनच म्हटलं. "नोटार अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवतो. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत."

"मोठ्याने? कशाला?"

"सही करणाऱ्याला कळावं म्हणून."

बाबा उठून बाल्कनीत गेले. मला वाटलं, रागावले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन टुमणं लावलं. टायटल इन्शुरन्स. त्यांनी पेपरात वाचलं होतं की घर घेतल्यावर मागाहून कोणी हक्क सांगत उभा राहिला, तर विमा कंपनी भरपाई देते. तसा विमा काढ म्हणाले. मी आमच्या एजंटबाईंना फोन केला. याच बाईंनी आम्हाला दातांचा, सायकलींचा, खिडकीच्या काचांचा आणि दुसऱ्याचं काही मोडलं तर त्याचा, असे सगळे विमे विकलेत. त्या हसल्या. असला विमा आमच्याकडे नाही, म्हणाल्या, ग्रुंडबुख आहे ना!

"काचेचा विमा आहे आणि घराचा नाही," बाबा म्हणाले. "या लोकांना काचेवर संशय आहे, माणसावर नाही."

खरं सांगू? हे ऐकून माझ्याही मनात किडा शिरला. हेर ब्रेम यांनी चाळीस जोडप्यांतून आम्हालाच का निवडलं? किंमत थोडी कमी का केली? घर दाखवताना वरच्या खोलीचं दार त्यांनी पटकन का ओढून घेतलं? मी उत्कर्षला विचारलं, तर तो म्हणाला, "तुझ्या बाबांचं पाणी लागलं तुला."

आणि मग बाबांनी न सांगता भलतंच केलं.

आपल्याकडे घर घेण्याआधी पेपरात जाहीर नोटीस देतात. तमाम लोकांस कळविण्यात येते की अमुक मिळकत आमचे अशील विकत घेत आहेत, त्यावर कोणाचाही हक्क, हितसंबंध असल्यास चौदा दिवसांच्या आत पुराव्यासह कळवावे. बाबांनी आयुष्यात अशा शेकडो नोटिसा लिहिल्या. तीच त्यांनी मोबाइलवर जर्मनमध्ये भाषांतर केली, लायब्ररीत छापून घेतली आणि हेर ब्रेम यांच्या गल्लीत चिकटवून आले. एक बेकरीच्या दारात, एक बसथांब्यावर, एक सुपरमार्केटच्या फळ्यावर. त्यावर ब्रेम यांचं नाव, घराचा पत्ता आणि खाली माझा फोन नंबर.

संध्याकाळी ब्रेम यांचा फोन आला. ओरडले नाहीत, हळू आवाजात बोलले, तेच जास्त वाईट होतं. शेजाऱ्यांसमोर तुम्ही मला चोर ठरवलंत, म्हणाले. उद्या सकाळपर्यंत एकही कागद दिसला, तर घर दुसऱ्यांना देईन.

मी आणि उत्कर्ष तसेच धावलो. तिन्ही कागद फाडून काढले. घरी येऊन मी बाबांना नको नको ते बोलले. "तुमच्या संशयापायी माझं घर जाणार आहे, कळतंय का तुम्हाला?" ते मान खाली घालून फाइलचा बंद गुंडाळत राहिले.

दोन दिवसांनी एका बाईंचा फोन आला. बेकरीतल्या कागदाचा त्यांनी फोटो काढून ठेवला होता. नाव फ्राउ लोत्स. हेर ब्रेम यांची सख्खी बहीण.

त्यांना बोलवावंसं मला मुळीच वाटत नव्हतं. बाबांना सांगू नये, असंच आधी ठरवलं होतं. पण एकवीस तारीख आठवड्यावर आली होती आणि मनातला किडा स्वस्थ बसू देईना. शनिवारी दुपारी त्या आल्या. साठीच्या पुढच्या, करड्या केसांच्या, हातात आलुबुखारचा केक.

"केक आणलाय," बाबा माझ्या कानाशी लागले. "काहीतरी मागणार."

त्यांनी काही मागितलं नाही. त्या घरात त्यांनी आईचं नऊ वर्षं केलं होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा भावाने घर आपल्या नावावर करून घेतलं आणि बहिणीला नोटारकडे नेलं. तिथे वारशातला आपला वाटा सोडल्याच्या कागदावर त्यांनी सही केली. वरची खोली तुझीच राहील, असं भाऊ तोंडी म्हणाला होता. अकरा वर्षांपूर्वी आई गेली आणि महिन्याने खोलीचं कुलूप बदललं.

मी मराठीत सांगितलं तसे बाबा पुटपुटले, "हक्कसोडपत्रच की हे." मग मला म्हणाले, "विचार त्यांना. सही करताना वाचून दाखवलं होतं का?"

"हो," फ्राउ लोत्स म्हणाल्या. "अक्षर न् अक्षर. नोटारने थांबून तीनदा विचारलं, समजलं का? भाऊ शेजारी बसला होता. मी तीनदा हो म्हटलं."

मग कपातला चमचा सरळ करत त्या म्हणाल्या, "माझा काही हक्क नाही, मला ठाऊक आहे. तुम्ही घर घ्या, ते सुंदर आहे. पण अकरा वर्षांत, कोणाचा हक्क आहे का, असं विचारणारा तुमचा कागद पहिलाच. म्हणून आले."

मला हायसं वाटलं. हो, लाज वाटली पाहिजे होती, पण आधी हायसंच वाटलं. घर सुटत नव्हतं. मी ते वाक्य बाबांना सांगितलं आणि वर म्हटलं, "बघा, टायटल क्लिअर आहे."

बाबा माझ्याकडे नाही, त्या बाईंकडे बघत होते.

"आम्ही वाचूनही दाखवलं नव्हतं," ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. आजोबा गेल्यावर सांगलीचं घर एकट्या बाबांच्या नावावर झालं होतं. माझ्या सुधाआत्याला त्या भाऊबीजेला बाबांनी भारी साडी घेतली होती आणि लगेच दुसऱ्या दिवशी ते तिला सहीसाठी कचेरीत घेऊन गेले होते. किती प्रेम भावाचं, असं आम्ही म्हणायचो. दुधाने तोंड पोळलं होतं खरं, पण यांचं नव्हे.

फ्राउ लोत्स गेल्यावर मी विचारलं, "तसला विमा असता, तर आपली भरपाई झाली असती ना?"

"आपली झाली असती," बाबा म्हणाले. "तिची कोण करणार?"

एकवीस तारखेला आम्ही सह्या केल्या. नोटारने तास-दीड तास वाचलं, हेर ब्रेम घड्याळ बघत होते. मी प्रत्येक शब्द ऐकला आणि वरच्या खोलीचा विचार केला. घर माझं झालं. पडदे अजून लावलेले नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी बाबांनी मला सुधाआत्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. टेबलावर फाइल उघडून त्यातला एक कागद काढला आणि चष्मा पुसला.

"सुधे, तुला एक वाचून दाखवायचंय. मधे बोलू नकोस."

"काय रे दादा? बरा आहेस ना?"

बाबा मोठ्याने वाचू लागले. "हक्कसोडपत्र. लिहून घेणार आत्माराम विष्णू लेले. लिहून देणार सौ. सुधा श्रीरंग आपटे. कारणे हक्कसोडपत्र लिहून देते की…" घराचा नंबर, चतुःसीमा, सगळं एकेक शब्द सुटा करून. पलीकडे आत्या पदराचं टोक धरून ऐकत होती. "सदर मिळकतीवरील माझा हक्क मी कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने…"

इथे बाबांचा आवाज थांबला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा त्याच शब्दापाशी थांबले.

मग आत्या म्हणाली,

"थांबलास का, दादा? वाच की पुढं."