वाळवंटातलं घटिकापात्र

नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीपायी मी पुण्याच्या कॉलेजातली इतिहासाची नोकरी सोडून सिंगापूरला आले. बिशानमध्ये फ्लॅट मिळाला. नवरा सकाळी बाहेर पडला की दिवसभर माझ्याशी बोलणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे लिफ्ट, आणि तीही मजला सांगण्यापुरती. मूलबाळ नव्हतं. नवरा घरी यायचा तो दमूनच. तो वाईट नव्हता, पण मी काही सांगायला लागले की “हं, हं” करत टीव्हीकडे बघायचा. ते “हं” माझ्या डोक्यात जायचं.

२००५-०६चा सुमार असेल. तिथल्या एका म्युझियममध्ये इराणच्या वाळवंटातल्या एका हिरव्या दरीच्या इतिहासावर प्रदर्शन भरणार होतं. त्यांना हौशी गाइड हवे होते, बिनपगारी. मी अर्ज केला. परीक्षकापुढची ट्रायल पास झाले तर दर शनिवारी काही माणसं तासभर माझं ऐकणार होती. मला तेवढंच हवं होतं. पण हे कुणाजवळ बोलायची लाज वाटायची.

मग मी झपाटल्यासारखी वाचत सुटले. त्या दरीत पाणी यायचं ते दूरच्या डोंगरातून, जमिनीखाली खणलेल्या लांबच लांब बोगद्यांतून. पाणी होतं म्हणून खजूर होते, डाळिंबं होती आणि म्हणूनच उंटांचे तांडे तिथे थांबायचे. रेशीम, मसाले, धूप, सगळं त्या दरीत एक मुक्काम करून पुढे जायचं. पुढे जहाजं मोठी झाली, माल समुद्रावरून जायला लागला आणि तांडे येईनासे झाले. अशाच एका बंदरात बसून मी हे वाचत होते, त्यामुळे मला उगाचच अपराधी वाटायचं. दरी मात्र लगेच ओस पडली नाही. पाणी येत होतं, वाटून घेतलं जात होतं.

हे वाटप ज्याने व्हायचं ते भांडं पाहून मी थक्कच झाले. तांब्याची वाटी आणि तिच्या तळाला बारीक भोक. ती पाण्यावर सोडायची. भरून बुडाली की एकाची पाळी संपली, पाणी दुसऱ्याच्या शेतात. म्हणजे आपलं घटिकापात्रच. पाटाशी एक माणूस दिवसभर त्या वाटीवर नजर ठेवून बसायचा. शेतकरी यायचे ते आपली पाळी विचारायला. मला व्यापाऱ्यांपेक्षा, राजांपेक्षा हाच माणूस जवळचा वाटला.

ट्रायलच्या दिवशी परीक्षक होत्या तिथल्याच एक निवृत्त शिक्षिका, सोबत बाकीचे शिकाऊ गाइड. बोगदे झाले, तांडे झाले आणि आम्ही वाटीच्या कपाटापाशी आलो. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्या पायांकडे बघताहेत. मी चपला काढून उभी होते. कधी काढल्या ते मलाच कळलं नव्हतं. घटिकापात्राची पूजा होते हो, त्याच्यासमोर चपला घालून कोण उभं राहतं?

मग सारवासारव करायची म्हणून मी सांगायला लागले. आमच्या लग्नात मुहूर्ताची वेळ मोजायला गुरुजींनी हट्टाने घटिकापात्र मांडलं होतं. हळदकुंकू वाहून ते घंगाळात सोडलं. माझा काका त्याच्याजवळ बसला, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. अंतरपाटाच्या अलीकडे मी, पलीकडे नवरा, आणि सगळा मांडव त्या एवढ्याशा वाटीसाठी थांबलेला. वाहवत गेले मी. जहाजांपर्यंत पोचलेच नाही.

“व्हेरी नाइस लाह,” परीक्षक बाई तिथल्या ढंगात म्हणाल्या, “पण लोक दरी बघायला येणार, तुझं लग्न नाही. ते सगळं काढ आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ये.”

घरी येऊन मी नवऱ्याला हा फजितीचा किस्सा सांगितला. तो मनापासून हसला. मग म्हणाला, “आपल्या लग्नात होतं असं काही? मला नाही आठवत.”

लग्नात ती वाटी त्याच्या पायाशीच होती. मी ताटं घासायला उठले. इतकं एकटं मला त्या देशात आल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या ट्रायलला सोबत एक पाहुणा आणायची मुभा होती. मी विचारलं नव्हतं, तरी नवरा ऑफिसातून परस्पर आला आणि टाय सैल करत मागे उभा राहिला. मी चपला घालून, वेळेत, जहाजांपर्यंत सगळी दरी सांगितली. लग्न काढून टाकायला काही जड गेलं नाही. बाईंनी हात मिळवून शनिवारची वेळ दिली.

परतताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, दोघांना जागा मिळाली.

“छान बोललीस,” नवरा म्हणाला. “पण ते आपल्या लग्नाचं आलंच नाही.”

“काढलं ते. बाईंनी काढायला सांगितलं होतं.”

“मी तेच ऐकायला आलो होतो,” तो म्हणाला.

मला राग आला आणि रडूही आलं. “घरी विचारता आलं असतं की,” मी म्हटलं.

“नाही सुचलं गं. आता सांग.”

तो माझ्याकडे वळून बसला होता, टीव्ही नव्हता, “हं” नव्हतं. शनिवारपासून अनोळखी माणसांपुढे तासभर बोलणार होते मी. आणि याच्यापुढे सुरुवात कुठून करायची, तेच मला सुचेना.